गुणमालाकाकींचा हुलगा

हुलगा म्हणजे काही मानाचं धान्य नव्हे. लग्नाच्या पंगतीत त्याला कुणी विचारत नाही, पाहुणा आला की बाई त्याचा डबा मागं सरकवते, आणि जुनी माणसं तर तोंडावर म्हणतात, हा घोड्याचा खुराक. पण सांगलीपासून एसटीनं अर्ध्या तासावर कृष्णाकाठी जे गाव आहे, तिथं कुणाची बाळंतीण सावरेना, कुणाचा म्हातारा तापातून उठून नुसती काडी झाला, की माणसं सरळ गुणमालाकाकींच्या दारात जायची. काकी आत जाऊन भाजून दळलेल्या हुलग्याची पुडी बांधून आणायच्या आणि त्याचं पेजेसारखं माडगं कसं शिजवायचं ते दोन वाक्यांत सांगायच्या. "ह्यानं अंग धरतं का वो काकी?" असं कुणी विचारलं, की मात्र त्यांचं तोंड मिटायचं. ते का मिटतं हे आपल्याला ठाऊक आहे, असं गावाला वाटायचं. गावाचं काय, गावाला काहीही वाटतं.

काकी जैनाघरच्या. नवरा रामगोंडा, मळ्यात ऊस, दावणीला दोन म्हशी, सकाळ-संध्याकाळ दुधाची बरणी डेअरीवर जायची. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर एकच मुलगा झाला, धन्यकुमार. घरात त्याला धनू म्हणायचे आणि तो आईला अव्वा म्हणायचा. पोरगं शहाणं. एवढं शहाणं पोरगं कुणाच्या पोटी येऊ नये, असं काकी पुढं म्हणायच्या, पण ते पुढं.

एकाहत्तर साली गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घ्यायचे. रोज सकाळी सगळी जैनआळी दारात रांगोळी काढून, कलश घेऊन उभी राहायची, की आज आपल्याकडं थांबतील. पण घास द्यायचा तर देणाऱ्यानं काहीतरी सोडायचं, नियम घ्यायचा, अशी तिथली रीत. काकी सतरा दिवस दारात उभ्या होत्या. अठराव्या दिवशी महाराज थांबले. काकींनी जन्मभरासाठी वांगं सोडलं. रामगोंडानं विडी सोडली, ती त्यानं दिवाळीत परत धरली, तो भाग निराळा. अठरा वर्षांचा धनू पुढं झाला आणि म्हणाला, "दूध, दही, ताक, तूप. जन्मभर."

महाराजच म्हणाले, "बाळ, एक वर्षाचा घे. जमलं तर वाढव."

"जन्मभर," धनू म्हणाला.

महाराजांनी आईकडं पाहिलं. ती नको म्हणाली असती तर ते थांबले असते. आणि काकींनी मान हलवली. हो म्हणून हलवली. सगळी आळी बघत होती, आणि आपल्या पोरानं सगळ्यांच्या पोरांवर कडी केली ह्या आनंदात त्यांचा ऊर एवढा भरून आला होता, की त्या मानेत किती वजन आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आईची अक्कल कधी कधी अशी शेण खायला जाते.

घरात होता तोवर ठीक चाललं. मग धनूला साताऱ्याला कचेरीत कारकुनी लागली. सातारा म्हणजे डोंगर, थंडी आणि पेन्शनर. खानावळीत कांदा-लसूण घातल्याशिवाय पदार्थ नाही, भाजीवर तुपाची धार, आमटीत काय काय असेल ते खानावळवाल्यालाच ठाऊक. कांदा-लसूण धनूला चालत नव्हता, दूध-तूप चालत नव्हतं, आणि दिवस मावळल्यावर जेवायचं नाही हा तर घरातलाच नियम. कचेरी सुटायची साडेपाचला. हिवाळ्यात तो खोलीवर पोचेपर्यंत अंधार पडलेला. मग पाणीसुद्धा नाही. दीड-दोन वर्षं पोरगं केळी, फुटाणे आणि कोरड्या भातावर जगलं. सुट्टीला घरी आला की काकी म्हणायच्या, वाळलास रं. तो म्हणायचा, सातारची हवा अव्वा, सगळीच वाळतात.

पंचाहत्तरच्या होळीला तो आला तो खोकतच आला. रुमालात रक्त दिसलं. तिसऱ्या दिवशी मिरजेकडच्या क्षयाच्या दवाखान्यात त्याला खाट मिळाली.

तिथले डॉक्टर उंच, चष्मेवाले, माणूस कामाचा पण बोलण्यात उतावळा. त्यांनी धनूला काट्यावर उभा केला. अडतीस किलो. "सुया आहेत, गोळ्या आहेत, त्या त्यांचं काम करतील," ते काकींना म्हणाले. "पण अंगात काही असलं तर ना. दूध, अंडी, मटण. वजन वाढलं तर पोरगं घरी येईल. नाही वाढलं तर मला विचारू नका."

काकींनी नियमाचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, अंडी राहू द्या. दूध तरी?"

धनू खाटेवरनं म्हणाला, "न्हाई."

रामगोंडा गावी जाऊन पंडितांना विचारून आला. पंडित म्हणाले, आजारात सूट असते. रामगोंडा धावत परत आला तर पोरगं म्हणतं, "घेणाऱ्याला असती सूट, अण्णा. मला नको." रामगोंडा तापला. "दावणीला दोन म्हशी हायती आन् माझं पोरगं दुधाबिगर मरायला लागलंय," असं म्हणून तो व्हरांड्यात जाऊन बसला. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी ती जात. बाप तसाच होता, फक्त त्याचा पीळ विडीपुढं ढिला पडायचा.

आता काकींपुढं प्रश्न उरला एकच, आणि तो साधा होता. दुधाशिवाय, अंड्याशिवाय, मटणाशिवाय ह्या पोराच्या अंगावर मांस चढवायचं. डॉक्टर म्हणाले होते, होणार नाही. काकी म्हणाल्या, बघू.

दवाखान्याच्या कुंपणामागं नातेवाइकांना राहायला पत्र्याच्या खोल्या होत्या. काकींनी त्यातली एक धरली, तीन दगडांची चूल मांडली, आणि गावाकडनं कडधान्यांची गाठोडी मागवली. हुलगा, तूर, उडीद, चवळी, हरभरा, शेंगा. आईकडून, सासूकडून, आत्याकडून जे जे ऐकलं होतं ते सगळं त्यांनी आठवून काढलं. सकाळी हुलगा भाजून दळलेल्या पिठाचं माडगं, गूळ घालून, पळीवाढं. दुपारी उडदाचं घुटं, सातारकडं करतात तसं, पण बिनलसणाचं, जिऱ्या-मिरचीवर, आणि त्यात कुसकरलेली बाजरीची भाकरी. ऊन कलायच्या आत हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, बोटाएवढे वळून कटात शिजवलेले. मधे कारळ्याची चटणी, शेंगदाण्याच्या कुटाचा गूळलाडू, खपली गव्हाची खीर, तीही दुधाऐवजी शेंगदाण्याच्या रसात. हा रस ही काकींची स्वतःची अक्कल. शेंगदाणे भिजवायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे, गाळलेल्या पाण्यात कालवून फडक्यातून पिळायचे. पांढराशुभ्र रस निघायचा. धनू पेलाभर प्यायचा आणि ओठ पुसायचा.

नर्सबाई म्हणाल्या, मोड आणून द्या, मोडात ताकद. पण मोड आला की दाण्यात जीव जागा होतो, ते धनूला चालत नव्हतं. काकींनी दाणे मोड यायच्या आत शिजायला टाकले. वार्डातल्या बाया हसायच्या. कांदा जमिनीतला म्हणून नको आणि शेंग जमिनीतली असून चालते, हा कुठला न्याय, असं विचारायच्या. काकी म्हणायच्या, "न्याय तुमी शोधा. मला सैपाक हाय."

शेजारच्या खाटेवर हरिबा होता. औंधकडचा, पलटणीतनं रिटायर झालेला, एक फुप्फुस निकामी पण आवाज परेडचा. त्याच्याकडं यायला कुणी नव्हतं. काकी त्याच्यासाठीही वाटीभर आणायच्या. पहिल्या दिवशी माडगं पिऊन तो म्हणाला, "काकी, हे तर आमी खेचरांना घालत हुतो."

"मग खेचरं कशी हुती?"

"एकदम तगडी," हरिबा म्हणाला आणि वाटी चाटून पुसून परत दिली.

दर सोमवारी काट्यावर उभं राहायचं. चैत्रात अडतीस. वैशाखात सदतीस. पुन्हा सदतीस. काकी काट्याच्या सुईकडं बघायच्या आणि खोलीवर येऊन चुलीकडं बघायच्या. भीती वाटायची. उघड सांगायचं तर इतकी भीती वाटायची, की भाकरी थापताना हात थांबायचा. मान हलवली होती त्यांनीच. ते पोरगं मेलं तर त्या मानेनं मेलं.

ज्येष्ठात एका सकाळी रामगोंडा पहिल्या एसटीनं आला आणि त्यानं पिशवीतनं तांब्या काढला. वर फडकं बांधलेलं. आत म्हशीचं दूध. "घाल कशात बी," तो म्हणाला. "त्याला कळू दिऊ नकोस. पाप माझ्या डोक्यावर." तांब्या चुलीपाशी ठेवून तो तसाच परत गेला, वार्डात पोराला भेटलासुद्धा नाही. तोंड दाखवायची त्याला लाज वाटली असणार.

काकींनी ते दूध घेतलं. खोटं कशाला सांगायचं, घेतलं. परातीत ज्वारीचं पीठ काढून ते दुधात मळलं, गूळ घातला, आणि दोन दशम्या थापल्या. मऊ, पांढऱ्या, पापुद्रा सुटलेल्या. डब्यात घालून वार्डात गेल्या. धनू उठून बसला, डबा हातात घेतला आणि नेहमीसारखं झाकण न उघडताच डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणू लागला. कुठलंच पोरगं जेवायच्या आधी डब्यात काय आहे ते बघितल्याशिवाय राहत नाही. हे बघायचं नाही. अव्वानं आणलंय म्हणजे बघायला काय हवं, असा त्याचा हिशेब. पाच वेळा णमोकार होईपर्यंत काकी त्याच्या मिटल्या डोळ्यांकडं बघत होत्या. मग त्यांनी त्याच्या हातातनं डबा काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे. भाकरी करपलीया. दुसरी आणते."

बाहेर येताना हरिबाच्या हातावर त्या दोन दशम्या ठेवल्या आणि हळूच म्हणाल्या, "खावा. पोराला सांगू नगा." बस्स, एवढंच. उरलेलं दूध खोलीमागं कुत्र्याला घातलं. धनूला त्या दिवशी शेंगोळे मिळाले, तेही उशिरा. काकींना वाटलं, आपण मोठ्या खड्ड्यातनं वाचलो. माणूस खड्ड्यातनं वाचला म्हणून मागं वळून बघतो तेव्हाच पुढचा चुकवायचा राहून जातो.

आणि मग आषाढात सुई हलली. सदतीसाची अडतीस, अडतीसाची एकोणचाळीस. श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी धनू काट्यावर उभा राहिला तर एक्केचाळीस. गालावरचे खड्डे भरले होते, खोकला उतरला होता. स्वतःच्या पायांनी तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आला. काकींनी त्या रात्रीच्या भिजवणात हुलगा मूठभर जास्त टाकला आणि किती दिवसांनी पाट्यावर बसल्या बसल्या ओवी म्हटली. डॉक्टर म्हणाले होते होणार नाही, आणि झालं होतं. घोड्याच्या खुराकानं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले. कागद बघितला, धनूकडं बघितलं, उशाशी ठेवलेल्या पांढऱ्या रसाच्या पेल्याकडं बघितलं, आणि सगळ्या वार्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटी दूध सुरू केलंत ना? मी पहिल्या दिवशीच सांगत होतो. नुसत्या डाळींनी कुणी उठत नसतं."

"ते दूध न्हाई, शेंगदाण्याचं हाय," धनू हसत म्हणाला.

डॉक्टरांनी काकींकडं बघून डोळा मिचकावला. "बरं बरं, शेंगदाण्याचं. चालू ठेवा."

ते पुढं गेले. एवढ्यावर थांबलं असतं. पण हरिबाला राहवलं नाही. भला माणूस. पोरगं आता धोक्याबाहेर आहे, आता उघड झालं तर काय बिघडतं, उलट आईचं नाव होईल, असं त्याला वाटलं. भल्या माणसांनी केलेला घोटाळा निस्तरायला फार अवघड. तो म्हणाला, "आरं, आईची माया कळायची न्हाई तुला, जवान. त्या दशम्या म्या बी खाल्ल्याता. दुधातल्या. पोराला सांगू नगा म्हनल्या, म्या सांगितलं न्हाई. बघ, चढलं का न्हाई वजन?"

धनूनं पेला खाली ठेवला.

"अव्वा, दूध आणलं हुतंस?"

समोरून सरळ विचारलं की काकींना खोटं बोलता येत नव्हतं. तेवढी एक गोष्ट त्यांना आयुष्यात जमली नव्हती. "आणलं हुतं. अण्णांनी आणलं. एकदाच."

"दशम्या केल्या?"

"केल्या. पर तुला दिल्या न्हाईत रं. डबा तुझ्या हातातनं काढून घेतला, ध्यानात हाय न्हवं? ह्यांना दिल्या."

"मग वजन कशानं वाढलं?"

"हुलग्यानं," काकी म्हणाल्या. "घुट्यानं, शेंगदाण्यानं."

पाच महिने धनूही त्या वार्डात होता. डॉक्टर, नर्स, रोगी, सगळे एकच सांगत होते, की डाळीनं कुणी उठत नसतं. त्याचा स्वतःचाही हुलग्यावर विश्वास नव्हता. विश्वास होता तो आईवर, आणि तो आता त्याच्या डोळ्यांदेखत निघून चालला होता. "अव्वा," तो म्हणाला, "मी डबा कवा बघितला न्हाई."

"णमोकाराची आन घेते, बाळा."

"आन घेऊ नगंस. आनखी पाप कशाला."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं तीन उपवास केले. नियम मोडल्याचं प्रायश्चित्त. डॉक्टर ओरडले, नर्सबाईंनी विनवलं, गोळ्या रिकाम्या पोटात जाऊन उलटून पडल्या. चौथ्या दिवशी त्यानं खाल्लं ते केळं, स्वतः सोललेलं. मग फुटाणे, एकेक बघून. शिजवलेलं काही नको. दळलेलं नको. वाटलेलं तर नकोच. काकी तीन वेळा डबा घेऊन जायच्या, झाकण उघडून त्याच्या समोर धरायच्या, ह्यात काय काय आहे ते सांगायच्या. तो हात जोडायचा. रागानं नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

हरिबा तर वेडापिसा झाला. "म्या एकदाच खाल्ली रं! येकच बार!" तो खाटेवरनं सांगायचा. "फौजी हाय म्या, झूट बोलनार न्हाई."

"तुमी लय चांगलं हायसा, काका," धनू म्हणायचा. म्हणजे आईनं ह्यांना पढवलंय, असं त्याच्या मनात. रामगोंडा आला, त्यानंही सांगितलं की मीच आणलं, एकदाच आणलं. त्यानं तर उलट पुरावाच वाढला. काकींनी उकळलेलं पाणी नेलं, तर तेही न घेता तो नळाचं स्वतः गाळून प्यायला. परत आलेल्या डब्यातलं काकी हरिबाला घालायच्या, तर त्याच्या घशाखाली उतरेना. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं तर जे दिलं होतं ते खरं आहे हेच कुणी मानायला तयार नव्हतं.

चाळीस. अडतीस. भादव्याच्या पहिल्या सोमवारी छत्तीस. त्यानंतर त्याला काट्यापर्यंत नेलं नाही.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस आले. धनू उशीला टेकून पुटपुटत असायचा. आवाज खोल गेला होता, पुन्हा रक्त पडू लागलं होतं. डॉक्टरांनी काकींना व्हरांड्यात बोलावलं आणि पहिल्यांदाच हळू बोलले. "दूध थांबवलंत का? चांगला सुधारत होता. का थांबवलंत?" सांगून काय उपयोग होता? जगात एकच माणूस होता ज्याला खरं काय ते माहीत होतं, आणि त्या माणसाचं कुणी ऐकत नव्हतं.

पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस. त्या दिवशी जैन माणूस लहानथोर बघत नाही. ज्याच्याशी वाकडं झालं त्याच्यापुढं हात जोडतो, मागतो आणि देतो. काकी सकाळी नहाण करून वार्डात आल्या. डबा आणला होता, सवयीनं. त्यात माडगं होतं. धनूनं त्यांना बघितल्यावर हात जोडायला उचलले, ते अर्ध्यावरच राहिले.

"अव्वा, उत्तम क्षमा. तुला लय तरास दिला."

काकींनी त्याचे हात धरले. हाडं होती नुसती.

"आता तू सांग," तो म्हणाला. "एकदा खरं सांग. मग माझ्या मनात काय ऱ्हाणार न्हाई."

ह्या एका महिन्यात काकींनी खरं शंभर वेळा सांगितलं होतं. खरं सांगून पोरगं मरायला टेकलं होतं. आणि ते काय मागत होतं हे आता त्यांना लख्ख कळलं. त्याला आई परत हवी होती. आणि ती मिळायची एकच वाट उरली होती.

"घातलं हुतं," काकी म्हणाल्या. "रोज घातलं. माडग्यात घातलं, खिरीत घातलं, पीठ दुधात मळलं. तुझा नियम म्या मोडला. मला क्षमा कर बाळा."

शेजारच्या खाटेवर हरिबा ताडकन उठून बसला. काकींनी त्याच्याकडं अशी नजर टाकली, की पलटणीतला माणूस तोंड उघडलेलं तसंच मिटून पुन्हा आडवा झाला. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

धनूच्या डोळ्यांतनं पाणी आलं. पण चेहरा कसा सैल पडला, लहानपणी ताप उतरल्यावर पडायचा तसा. "केली क्षमा," तो म्हणाला. "एवढंच पायजे हुतं अव्वा. आता पुन्यांदा घालनार न्हाईस न्हवं?"

"न्हाई घालनार."

"मग दे. काय आणलंयस?"

काकींनी झाकण काढलं. त्यानं डोळे मिटले, णमोकार म्हटला, डबा बघितला नाही. चमच्यानं त्यांनी त्याला माडगं भरवलं. एक चमचा. दुसरा. तिसरा ओठांतनं बाहेर आला. "चांगलं लागतंय," तो म्हणाला. "आता कसं, खरं हुलग्याचं लागतंय."

सहा दिवस तो असा जेवला, चमचा चमचा, आईच्या हातचं, न बघता. सातव्या दिवशी पहाटे गेला. डॉक्टर रामगोंडाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दूध चालू राहिलं असतं तर उठला असता. रामगोंडानं तेच गावात येऊन सांगितलं, आणि बायकोनं रोज दूध घातलं होतं, पोराजवळ तिनं स्वतः कबूल केलं, हेही सांगितलं. तोही तेच खरं मानत होता. मंदिरातल्या बायका काकींच्या शेजारी बसेनाशा झाल्या, मग काही वर्षांनी परत बसू लागल्या. काकींनी कुणाला काही समजावलं नाही. हरिबाचं त्या हिवाळ्यात एक पोस्टकार्ड आलं. त्यात एवढंच होतं, की काकी, मला झोप लागत नाही. उत्तर लिहायला काकींना येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडनं लिहून घ्यावं असं ते उत्तर नव्हतं.

काकींनी स्वतः दूध-दही सोडलं. कुणापुढं नियम न घेता सोडलं, आणि हुलगा दळत राहिल्या.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात मळ्यात कामाला येणारी चंद्राबाई दारात आली. तिची लेक बाळंतपणातनं उठत नव्हती, आणि घरी ना म्हैस ना शेळी. काकींनी पुडी बांधली, कसं करायचं ते सांगितलं. चंद्राबाईनं पुडी पदरात घेतली तरी ती हलेना.

"काकी, एक इचारू? तुमच्या धनूचं वजन दुधानं वाढलं हुतं म्हनं. माणसं कायबी बोलत्यात. पर तुमी सांगा. ह्यानं व्हतं का? मला दूध परवडायचं न्हाई. ह्यानं हुनार असंल तरच मी जिवाला जरा धीर दीन."

काकी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. बाई खरं विचारत होती, आणि खरं त्यांना एकटीलाच माहीत होतं. एक शब्द सांगितला असता तर त्या बाईला हुरूप आला असता. पण तो शब्द बाहेर पडला असता, तर मग धनूनं शेवटी ज्याला क्षमा केली ते काय होतं? ज्यावर विसंबून तो सहा दिवस डोळे मिटून जेवला ते काय होतं?

"न्हाई," काकी म्हणाल्या. "ते दुधानं वाढलं हुतं."

चंद्राबाईचं तोंड उतरलं. ती पायरी उतरून निघाली. काकींनी तिला हाक मारून थांबवलं, आत गेल्या आणि हुलग्याच्या पिठाचा सगळा डबाच आणून तिच्या पुढ्यात ठेवला.

"तरीबी घाल तिला," त्या म्हणाल्या. "रोज घाल. चुकू नगंस."